पाय पुसून आलेला

प्रेमिला हसली तेव्हा खुशालचा हात सीडीच्या मशीनवर होता. टीव्हीवर तळ्यातून निघालेला एक मुडदा कुणाच्या तरी घराच्या पायरीवर येऊन उभा होता, अंगावरून पाणी निथळतंय, अर्धा गाल माशांनी खाल्लेला, आतली बाई किंचाळतेय, आणि इकडे ही बाई, खुशालची बायको, तोंडाला पदर लावून हसत होती. माणूस भ्यायला की कधी कधी हसतो, तसं असतं तर खुशालला कळलं असतं. हे तसलं नव्हतं. हे घरातलं हसणं होतं, चुलीपुढं बसून कुणाला रागावता रागावता फुटतं तसलं. तिनं डबा स्टुलावर ठेवला, डोळे पुसले, "जेवून घे, भाजी आंबून जाईन," म्हणाली आणि उन्हात निघून गेली. तेवढ्यात पहिली सीडी संपली, पडद्यावर निळं आलं, आणि दुसरी घालायची असते हेच खुशाल विसरला. अर्ध्या चंद्रपुरानं तो निळा पडदा पाहिला. फोन खणखणायला लागला.

तसं काम काही मोठं नव्हतं त्याचं. जटपुरा गेटजवळ एका केबलवाल्याच्या माडीवरची खोली, भिंतीभर वायरींचा गुंता, एक कूलर तोही मशीनसाठी, माणसासाठी नव्हे. दुपारी बाया भांडीकुंडी आवरून बसल्या की त्यांच्यासाठी पिक्चर लावायचा. पिक्चर दोन सीड्यांत यायचा, पहिली संपली की झटकन दुसरी घालायची, आणि मधला जोड लोकांना कळू द्यायचा नाही यातच काय ती कारागिरी. त्यामुळं ढीगभर पिक्चर लावूनही पहिल्या सीडीचा शेवट खुशालनं कधी धड पाहिला नव्हता. तेव्हा त्याची नजर मशीनच्या आकड्यांवर असायची. म्हणजे ती कशाला हसली ते त्याला दिसलंच नव्हतं. दिसलं ते नुसतं हसणं. पाच वर्षांच्या संसारात ही बाई अशी हसलेली त्याला आठवेना. हसायची ती, नाही असं नाही. त्याच्या थट्टेला हसायची, शेजारच्या सीताबाईबरोबर नळावर हसायची. पण ते हसणं ताटात वाढून दिल्यासारखं असायचं. हे सांडलेलं होतं, आणि त्याच्यासाठी सांडलेलं नव्हतं.

कुणासाठी, तेही त्याला ठाऊक होतं, दुखणं तेच तर होतं. हाच मुडद्यांचा पिक्चर त्यानं दहा वर्षांपूर्वी गावात पाहिला होता. वैनगंगेच्या काठचं गाव, मार्कंड्याच्या अलीकडचं, घरं बहुतेक मासे धरणाऱ्या ढिवरांची. कुणाच्याशा लग्नात गडचिरोलीहून व्हिडिओ आणला होता आणि भर दुपारी ग्रामपंचायतीच्या खोलीत, खिडक्यांना गोणपाटं ठोकून, सगळा गाव त्या अंधारात कोंबला होता. पिक्चर विलायती, बोलणं हिंदी, चित्रावर मुंग्या. पाण्यातून माणसं निघताना पाहून जन्मभर पाण्यात उभे राहिलेले म्हातारेसुद्धा पाय जवळ घेऊन बसले. पुढं लटारू आणि त्याची नवी नवरी प्रेमिला, त्यांच्या मागं खुशाल. लटारू त्याचा जिवाभावाचा दोस्त, एकाच डोंग्यातून जाळं टाकणारे दोघं. तर एका ठिकाणी लटारू तिच्या कानाशी वाकला, काहीतरी पुटपुटला, आणि सगळी खोली किंचाळत असताना ती हसली. तिच्या मानेवरचा घाम खुशालला पडद्याच्या उजेडात दिसत होता. वहिनी म्हणायचा तो तिला. वहिनीच्या मानेकडं असं पाहू नये एवढी अक्कल त्याला होती, आणि तो पाहत होता. त्या दुपारी पिक्चर काय होता ते तो विसरला, पण लटारू काय पुटपुटला असेल ते मात्र त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

दोन वर्षांनी लटारू गेला. ताप मेंदूत चढला, तालुक्याला नेईपर्यंत माणसं ओळखेनासा झाला आणि गेला. खुशालनं खांदा दिला, धाय मोकलून रडला. ते रडणं खोटं नव्हतं. पण त्याच्या तळाशी दुसरंही काही हललं होतं, आणि ते हललं हे त्याला कळलं होतं. पुढं लटारूच्या आईनंच, अन्नपूर्णाबाईनं, सुनेचा पाट लावून दिला. विधवेचं दुसरं लग्न ते, त्याला वाजंत्री नाही की मांडव नाही. चार म्हातारे बसले, नवं लुगडं आलं, झालं. म्हातारी म्हणाली, खुशाल काही परका नाही. खुशाल तिला घेऊन चंद्रपूरला आला, बाबूपेठेत खोली केली. नदी मागं राहिली, डोंगा मागं राहिला, त्याला वाटलं लटारूही मागं राहिला. राहतो कसला! लग्नाआधी ती त्याला खुशालभाऊ म्हणायची. पाट लागल्यावर 'भाऊ' गळालं, खुशाल उरला, आणि 'तू' उरलं. गल्लीतल्या बायांना मोठं नवल वाटायचं, नवऱ्याला नावानं हाक मारते म्हणून, आणि खुशाल मनातल्या मनात फुशारायचा की आपलं शहरातल्या जोडप्यांसारखं आहे. मग एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं, आणि आलं ते रुतूनच बसलं, की लटारूचं नाव ती कधीच घेत नाही. 'ते.' त्यायले झिंगे आवडत. ते असं म्हनत. बाई नवऱ्याचं नाव घेत नसते. मग इथं नवरा कोण? मेलेला तो 'ते', आणि जिता, रोज तिच्या हातचं खाऊन तिच्या शेजारी झोपणारा, तो 'तू'. हे कुणाला सांगता येतं का? सांगितलं तर लोक म्हणतील, लेका, मेल्या माणसावर जळतोस? जळत होता तो. बरोबर जळत होता. जित्या माणसाशी भांडता येतं, त्याच्या खोड्या काढता येतात, त्याचं पोट सुटलेलं दाखवता येतं. लटारूचं पोट सुटणार नव्हतं.

त्यात हिवाळ्यात अन्नपूर्णाबाई वारली. ती होती तोवर दर अक्षय तृतीयेला गावी लटारूला जेवू घालायची. त्यांच्यात त्या दिवशी मेलेल्याच्या नावानं एखादा जिता माणूस पाटावर बसवतात, पितर म्हणून. दारात त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात, मेलेल्याला जे आवडायचं ते त्याच्या ताटात वाढतात, आणि तो खातो म्हणजे मेलेला खातो. म्हातारी गेली, आता लटारूचं कोणी उरलं नाही. होळी झाल्यावर प्रेमिलानं एकदाच विचारलं होतं, "यंदा त्यायले कोन जेवाले घालन?" खुशाल म्हणाला, पाहू. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण रोज पोळी वाढताना ती थोडा वेळ थांबायची, आणि त्या थांबण्यात तो प्रश्न असायचा. माझ्या घरात, मी आणलेल्या गव्हाची पोळी, आणि ती त्याला? पाहू म्हणता म्हणता तृतीया आठवड्यावर आली होती.

ती हसली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं तोच पिक्चर पुन्हा लावला. मालकानं विचारलं तर म्हणाला, बायांची फर्माईश आहे. या खेपेला पहिल्या सीडीचा शेवट आला तेव्हा त्यानं मशीनकडं पाहिलंच नाही. मुडदा पायऱ्या चढला. दाराशी थांबला. दारात एक पायपुसणं होतं, त्यावर त्यानं पाय पुसले. आधी डावा, मग उजवा, सावकाश, रोजच्या सवयीनं. मग हात पुढं केले. बस, एवढंच. निळा पडदा आला तरी खुशाल बघतच बसला. यात हसण्यासारखं काय होतं? आणि हे गावात त्याला दिसलं कसं नाही? दिसलं नाही, कारण तो पडद्याकडं नव्हता बघत, मानेकडं बघत होता.

तिसऱ्या दिवशीही त्यानं तोच लावला. आणि मग त्याला भलतंच दिसायला लागलं. गावात पाहिला तेव्हा मुडदे ते मुडदे आणि हिरो तो हिरो, भानगड नव्हती. हिरोनं गोळी झाडली की शिट्ट्या; खुशालनंही मारली होती, लटारूनंही मारली होती. आता त्याला दिसलं की हिरो त्या घराचा नव्हेच. वादळात भिजून तो तिथं येतो, बाई एकटी असते, ती त्याला कोरडा कोट देते. कोट कुणाचा? भिंतीवर फोटो आहे, फोटोतल्या माणसाच्या अंगात तोच कोट. हिरो जेवायला बसतो ती खुर्ची बाई आधी हातानं पुसते, म्हणजे तिच्यावर बरेच दिवस कुणी बसलेलं नाही. आणि मुडदे! ते कुणाच्याही घरात घुसत नाहीत. पाववाला आपल्या भट्टीशी जातो, पोस्टमन आपल्या फाटकाशी, म्हातारी आपल्या खिडकीशी. प्रत्येक जण आपापल्या घरी चाललाय. जो आडवा येतो त्यालाच काय ते चावतात. आणि आपण म्हणत होतो मुडदे माणसं खायला निघाले! त्यांना माणूस नको होता, त्यांना त्यांची जागा पाहिजे होती, आणि त्या जागेवर कोट घालून हा बसला होता, हातात बंदूक घेऊन. खुशालनं पुढची सीडी घातली. मागं परत फिरवली. किंचाळणारी बाई भीतीनं मागं सरते असं त्याला वाटत होतं, तर ती मागं सरतच नव्हती. किंचाळत किंचाळत ती दाराकडं एक पाऊल टाकते, आणि हिरो तिचा दंड धरून तिला ओढतो. खुशालनं ते इतक्या वेळा मागंपुढं केलं की चॅनलवर तो दंड सारखा धरला जाऊ लागला. मालक खालून ओरडला की चॅनलला सुतक लागलंय का, बंद कर ते मुडदे. खुशालनं मशीन थांबवलं. आपणही कुणाचा दंड असाच धरून आलो आहोत असं त्याला वाटलं, आणि वाटलं म्हणून लटारूचा आणखीच राग आला.

त्या संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती. त्यानं शर्ट खुंटीला लावला आणि पाठमोराच राहून विचारलं, "त्या दिवशी कायले हसली तू? पिक्चरमंदी."

तिनं सुपातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, त्यायचं आठवलं. लग्नानंतरची गोष्ट, ते तळ्यावरून चिखलाच्या पायांनी तसेच घरात शिरायचे, आणि तिनं नव्यानं सारवलेलं असायचं. ती रागावायची, पाय धुतल्याशिवाय वाढायची नाही. आता हे काय सांगण्यासारखं, असं करत करत ती पुढं बोलली, "तवा गावात त्या मुडद्यानं पाय पुसले नं, तं ते मले म्हनाले, पाय पुसले त्यानं, आता वाढ त्याले." आणि बोलता बोलताच ती पुन्हा हसली, सुपातले चार दाणे खाली सांडले.

एवढंच? दहा वर्षं ज्याच्यावर खुशाल जळत होता ते एवढंच होतं? काही लाडाचं असतं, चावट असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. तसलं त्यालाही बोलता आलं असतं. पण हे चिखलाचे पाय, सारवलेली जमीन, एक फालतू थट्टा, याच्याशी तो कशानं बरोबरी करणार होता? इथं फरशी होती. तो चप्पल दारात काढायचा, पाय स्वच्छ असायचे, त्याच्यावर रागवायला तिला कारणच नव्हतं. तो म्हणाला, बरं, या तृतीयेला बसवू पितर, बसस्टँडवर आपल्या गावचा देवाजीभाऊ आहे, त्याला आणतो. प्रेमिलानं मान वर केली, आणि तिचा चेहरा असा उजळला की खुशालला आपण बोललो याचा तिथल्या तिथं पस्तावा झाला.

तृतीयेला सकाळपासून घरात पुरणाचा आणि तुपाचा वास. मातीची नवी घागर भरून कोपऱ्यात ठेवलेली, चिंचवणी झालेली, आणि या सगळ्यात तिनं झिंग्याची चटणीही केलेली. सणाला झिंगे? पण त्यायले आवडत. या घरात झिंगे कधी शिजत नसत, कारण खुशालला ते चालत नाहीत, अंगावर चट्टे उठतात. ढिवराचा पोरगा आणि झिंगे चालत नाहीत म्हणून गाव त्याला हसायचा, लटारू सगळ्यांत जास्त. खुशाल देवाजीला आणायला निघाला. बसस्टँडपर्यंत गेला नाही. वाटेत रसवंतीवर बसला, रस प्यायला, ऊन बघत राहिला. आणायचं कुणाला तरी, बसवायचं पाटावर, आणि ती त्याचे पाय धुणार, त्याला वाढणार, हे आपण दारात उभं राहून बघायचं? आणि नाही आणला तर? लटारू उपाशी जाईल. जाऊ दे. मुडद्याला कसली भूक! पण मग तिचं तोंड आठवलं, उजळलेलं, आणि ते विझलेलं बघायचीही त्याची छाती होईना. उठता उठता त्याला एकदम सुचलं, आणि सुचलं ते इतकं नामी वाटलं की तो उन्हात एकटाच हसला. लटारूचं ताट आपणच खाऊन टाकायचं. शेवटचा घासही त्याला मिळू द्यायचा नाही.

"देवाजीभाऊ लग्नाले गेला," तो दारात येऊन म्हणाला. प्रेमिला पाण्याचा तांब्या आणि परात घेऊन उंबऱ्याशी बसली होती. मग, असं तिनं डोळ्यांनीच विचारलं. "मी बसतो," खुशाल म्हणाला. "पोट कोनाचंई चालते."

अशी कुठं रीत नव्हती. बायकोचा दुसरा नवरा पहिल्याचा पितर म्हणून बसला असं कुणी ऐकलंही नव्हतं. लोकांना कळलं असतं तर त्यांनी तोंडात बोटं घातली असती. मग तिनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "पाय पुढं करा."

करा. खुशालनं पाय पुढं केले. तिनं त्याचे पाय परातीत घेतले आणि धुतले, टाचेपासून, बोटांच्या बेचक्यांतून, चिखल नसताना चिखल काढल्यासारखे. लुगड्याच्या पदरानं पुसले. हा पदर तिनं त्याच्या पायांना कधी लावला नव्हता. गंध लावताना तिचा अंगठा कपाळावर जरा रेंगाळला. या बसा, म्हणाली. सावकाश बसा. तिनं निखाऱ्यावर तुपाचा घास टाकून आगारी केली, धूर झाला, त्या धुरात ती त्याला वाढू लागली, आणि वाढताना बोलू लागली, हळू, रोजच्या कामाचं सांगावं तसं. की म्हातारी शेवटी फार तडफडली नाही. डोंगा विकला. इथं फरशी आहे, सारवावं लागत नाही. खुशाल चांगला ठेवतो मले, काळजी करू नका. खुशालनं मान खाली घातली. त्याच्यासमोर त्याचंच नाव ती दुसऱ्याला सांगत होती, आणि ज्याला सांगत होती तो होण्यासाठी खुशालनं त्या क्षणी काहीही दिलं असतं. इतकी माया या बाईत होती? इतकी वर्षं कुठं ठेवली होती? तो पोळी खात होता, चिंचवणी पीत होता, आणि झिंगे, ते खारट, बारीक, दाताखाली कुरकुरणारे झिंगे, तेही खात होता. घास गोड लागत होता आणि प्रत्येक घासाला त्याचा जळफळाट वाढत होता. आता तो लटारूवर जळत नव्हता, पाटावर बसून खाणाऱ्या त्या माणसावर जळत होता.

रीत अशी की शेवटी पितराला तीनदा विचारायचं, पोट भरलं का. त्यानं 'भरलं' म्हटलं की तो निघाला, वर्षभर पुन्हा येत नाही. रसवंतीवर खुशालनं ठरवलं होतं की पहिल्याच वेळी भरलं म्हणून टाकायचं आणि हाकलायचा लेकाला.

"पोट भरलं का तुमचं?" प्रेमिलानं विचारलं.

भरलं म्हटलं की 'तुमी' संपणार होतं. पदर खाली येणार होता. त्यानं वाटी पुढं केली. तिनं झिंगे वाढले. त्यानं खाल्ले. मनगटाशी खाज सुरू झाली होती, मग ती कोपरापर्यंत चढली. तिनं पुन्हा विचारलं, भरलं का. त्यानं पुन्हा वाटी पुढं केली. आपले दोन्ही हात पुढं आलेले त्याला दिसले आणि ते पडद्यावर कुठं पाहिलेत तेही त्याला कळलं, पण ते त्याच्यानं मागं घेववेनात.

तिसऱ्या वेळी तिनं लगेच विचारलं नाही. त्याच्या हातांवर उठलेले लाल चट्टे ती बघत होती. मग तिनं पळी खाली ठेवली आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं, पितराच्या नव्हे, त्याच्या.

"खुशाल," ती म्हणाली, "त्यायले जाऊ दे आता. तुह्यं ताट म्या सकाळीच येगळं काढून ठेवलं हाय. त्यात झिंगे नाईत." आणि मग, पदर सावरून, रीतीप्रमाणं, "पोट भरलं का तुमचं?"

घराबाहेर कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. खुशालनं वाटी खाली ठेवली.

"भरलं," तो म्हणाला.

खोटं होतं ते. इतकी भूक त्याला जन्मात कधी लागली नव्हती. प्रेमिला वाकली, त्याच्या पायांना हात लावला, थोडा वेळ तशीच राहिली, आणि उष्टं ताट उचलून आत गेली. आत भांडं वाजलं. खुशाल पाटावरून उठला, उंबरा ओलांडून बाहेर उन्हात गेला. चप्पल घातली नव्हती, पायांना धूळ लागली. तो वळला, दारातल्या गोणपाटावर त्यानं पाय पुसले, आधी डावा, मग उजवा, आणि पुन्हा घरात आला.